नवरा-बायकोने क्रूझला जायचं तर: मुंबईहून बोट धरण्याआधी काय बघायचं, काय सोडून द्यायचं

आम्ही दोघं मुंबईहून क्रूझ करून आलो तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, की परवडतं का, बोट लागते का, कंटाळा येतो का, आणि सगळ्यांना फोनवर तेच तेच सांगून दमले म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. माझं म्हणणं आधीच सांगते: क्रूझ चांगली जाणार की वाईट हे ऐंशी टक्के बुकिंग करतानाच ठरतं, आणि उरलेलं ठरतं ते तुम्ही दोघं एकमेकांना किती मोकळं सोडता त्यावर.

मुंबईहून नियमित सुटणारी बोट म्हणजे कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस, २०२१ पासून चालू आहे. बोट नवीन नाही हं, १९९० ला फ्रान्समध्ये बांधलेली, तेव्हा नाव नॉर्डिक एम्प्रेस, मग एम्प्रेस ऑफ द सीज म्हणून रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीकडेच बरीच वर्षं होती. हे मुद्दाम सांगतेय कारण लोक यूट्यूबवर सिंगापूरच्या किंवा मायामीच्या अवाढव्य बोटी बघतात, वीस मजले, वर वॉटर पार्क, आणि तीच कल्पना डोक्यात घेऊन बॅलार्ड पियरला येतात. ही अकरा डेकची, साधारण दोनशे दहा मीटर लांब, म्हणजे आजच्या हिशोबात मध्यमसुद्धा नाही, लहानच. पण दोघांना ते उलट बरं पडतं, दुसऱ्या दिवसापर्यंत सगळे रस्ते पाठ होतात आणि नवरा कुठे गेला हे शोधायला फार चालावं लागत नाही.

आता महिना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र शांत असतो, तेव्हा जा. मार्चही चालेल. मे महिन्यात सुट्टी असते म्हणून सगळे तेव्हाच बघतात, पण मेच्या मध्यापासून लाटा वाढायला लागतात आणि डेकवर ऊन असं की दुपारी पाय ठेवता येत नाही, शिवाय बोटभर मुलं. मुलं वाईट असं नाही, पण तुम्ही दोघंच निवांत म्हणून चाललायत ना? मग शाळा चालू असताना आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळून जा, तिकीटही कमी असतं. पावसाळ्यात इकडून क्रूझ नसतेच, त्या दिवसांत बोट चेन्नईच्या बाजूला नेतात.

किती रात्रींची? दोन रात्रींची घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. पहिला दिवस चेक-इन, रांगा आणि रस्ते शोधण्यात जातो, शेवटच्या रात्री बॅगा भरायच्या असतात, मग मध्ये उरतं काय. ज्या सफरीत एक अख्खा दिवस बोट कुठेच थांबत नाही, नुसती समुद्रात चालत असते, ती घ्या. मला आधी वाटायचं हा दिवस म्हणजे फुकट, नवरा मात्र म्हणत होता की तोच खरा दिवस, आणि त्याचंच बरोबर निघालं, चौफेर पाणी, फोनला रेंज नाही, कुठे जायचं नाही, आणि कधी नव्हे ते आम्ही दोघं दुपारी तीन तास नुसते बसलो होतो.

केबिन हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे नीट वाचा. चार प्रकार असतात: इंटीरियर म्हणजे खिडकी नसलेली, ओशन व्ह्यू म्हणजे बंद काचेची खिडकी, मग बाल्कनी आणि स्वीट. जुन्या बोटींवर बाल्कनीवाल्या केबिन मोजक्याच असतात आणि त्यांचा दर बघून आपण गप्प बसतो. इंटीरियर स्वस्त पडते आणि झोप गाढ लागते, पण आत दिवा घालवला की मिट्ट काळोख, सकाळचे सहा की रात्रीचे दोन काही कळत नाही. एकटं माणूस किंवा मित्रांचा ग्रुप असेल तर ठीक आहे, फक्त आंघोळीला आणि झोपायला जाणार. जोडीला मी ओशन व्ह्यूच घ्या म्हणेन, कारण दोघांपैकी एकाला नेहमी दुपारी पडायचं असतं आणि दुसऱ्याला नसतं, मग जागा असलेला निदान खिडकीत बसतो. केबिन लहान असतात हे गृहीत धरा. एक जण कपडे बदलत असेल तर दुसऱ्याने बेडवर पाय वर घेऊन बसायचं, अशी ती जागा. आणि बेड जोडून हवेत हे बुकिंगच्या वेळीच सांगा, बऱ्याच केबिनमध्ये दोन सुटे बेड असतात, सांगितलं की जोडून देतात.

डेकचा नकाशा वेबसाइटवर असतो तो डाउनलोड करून बघाच. आपल्या केबिनच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असल्या पाहिजेत. वर स्विमिंग पूलचा डेक आला तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज, खाली थिएटर किंवा डिस्को आला तर रात्री एकपर्यंत धडधड, अगदी मागे गेलात तर इंजिनची थरथर, अगदी पुढे गेलात तर नांगराचा खडखडाट. खालचा डेक आणि बोटीचा मध्य ही जागा सगळ्यात कमी हलते, आणि गंमत म्हणजे हीच बऱ्यापैकी स्वस्त असते, लोक वरच्या मजल्याला जास्त पैसे देऊन जास्त हलतात.

आणि हे फारसं कुणी सांगत नाही, बाजू बघून घ्या. मुंबईहून बोट दक्षिणेला जाते, त्यामुळे जाताना किनारा डावीकडे आणि सूर्यास्त उजवीकडे. येताना उलट. कागदावर डावी म्हणजे पोर्ट, उजवी म्हणजे स्टारबोर्ड असं लिहिलेलं असतं. ज्याला संध्याकाळ केबिनमधून बघायचीय त्याने जाणं-येणं यातला कुठला दिवस पूर्ण समुद्रावर आहे ते बघून बाजू ठरवावी. एजंटला विचारलंत तर तो म्हणेल काही फरक पडत नाही मॅडम. पडतो.

पैशाचं. जाहिरातीत जो आकडा असतो तो माणशी असतो, तोही एका केबिनमध्ये दोघं धरून, आणि त्यावर पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी म्हणजे टिपा, आणि जीएसटी चढतो, त्यामुळे शेवटच्या पानावरचा एकूण आकडा बघितल्याशिवाय घरात कुणाला स्वस्त पडलं म्हणून सांगू नका. तिकिटात राहणं, मुख्य जेवणखाण आणि बरेचसे कार्यक्रम येतात. दारू, स्पेशल रेस्टॉरंट, स्पा, वायफाय, किनाऱ्यावरच्या टूर हे सगळं वेगळं. दारूच्या पॅकेजबद्दल जोडप्यांनी खास सावध राहा, एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं की दुसऱ्यानेही घ्यायलाच हवं असा बऱ्याच क्रूझवर नियम असतो. आमच्याकडे एक जण पिणारा आणि एक लिंबू सरबतवाली, हिशोब सरळ तोट्याचा होता, सुट्टं घेतलं तेच बरं. तुम्ही दोघंही घेणारे असलात तरी दिवसाला माणशी किती ग्लास झाले तर पैसे वसूल होतात ते आधी भागाकार करून बघा, आणि तितके ग्लास आपल्याला झेपतात का तेही. बोटीवर रोख चालत नाही, केबिनची चावी असलेलं कार्डच सगळीकडे दाखवायचं, त्यामुळे खर्च होतोय हे हाताला जाणवत नाही. रोज रात्री रिसेप्शनवर किंवा टीव्हीवर बिल बघायची सवय ठेवा.

सामानात काय घ्यायचं याच्या मोठमोठ्या याद्या सगळीकडे मिळतात, मी फक्त जे कामाला आलं ते सांगते. लोहचुंबकाचे हुक, हो, चेष्टा नाही, केबिनच्या भिंती लोखंडी असतात, त्यावर हुक चिकटवून ओले कपडे, टोप्या, पर्स सगळं टांगता येतं आणि त्या एवढ्याशा खोलीत तेवढी जमीन मोकळी होते. वेगवेगळ्या पिनांचा अडॅप्टर. शाल किंवा पातळ स्वेटर, कारण आत एसी बर्फासारखा. साडी नेसणार असाल तर पिना भरपूर घ्या, वरच्या डेकवर वारा असा असतो की पदर तोंडावर येतो आणि फोटो काढणारा हसत बसतो. संध्याकाळच्या डायनिंगला हाफ पँट आणि स्लिपरवर सोडत नाहीत, तेव्हा नवऱ्याला एक तरी नीट पँट भरायला लावा. इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड असल्या वस्तू सिक्युरिटीत काढून घेतात, बाहेरची दारू तर नाहीच, आणि घरचं खाणंही बहुतेक ठिकाणी चालत नाही, म्हणजे चकलीचा डबा घेऊन निघालेल्या सासूबाईंची आधीच समजूत काढा.

बोट सुटते ती बॅलार्ड पियरच्या टर्मिनलवरून. सीएसएमटीला उतरून टॅक्सीने गेलात तर दहा-पंधरा मिनिटं. पुण्या-नाशिकहून येणाऱ्यांनी त्याच दिवशी सकाळी निघून टाइम जुळवायचा खेळ करू नये, एक्स्प्रेसवेवर घाटात एक ट्रक आडवा झाला की संपलं, बोट थांबत नाही. आदल्या रात्री मुंबईत कुणाकडे तरी पाठ टेका. वेब चेक-इन घरूनच करा, देशातल्या सफरीला आधार वगैरे ओळखपत्र चालतं, श्रीलंका वगैरे असेल तर पासपोर्ट लागतोच. मोठ्या बॅगा खाली देऊन टाकायच्या असतात आणि त्या केबिनला पोचायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, चार्जर, पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. चढल्या चढल्या सगळं पब्लिक बुफेकडे धावतं. तुम्ही उलट करा, आधी डायनिंगची वेळ, शोचं बुकिंग काय असेल ते करून घ्या, तासाभराने बुफे निवांत होतो.

मग लाइफ जॅकेटचं ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं त्याचा सराव. लोक कंटाळतात, सेल्फी काढतात, काही तर टॉयलेटमध्ये लपतात. जाऊ नका असं करू. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझची बोट खडकावर आपटून आडवी झाली, ३२ माणसं गेली, आणि त्या संध्याकाळी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, कारण तेव्हा चोवीस तासांच्या आत घेतलं की चालायचं. त्यानंतर नियम बदलला आणि आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावंच लागतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हे ऐकलं की आपल्या ठरलेल्या जागी जायचं, एवढंच लक्षात ठेवायचंय. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी असलात तर एकमेकांना शोधत फिरायचं नाही, सरळ त्या जागी भेटायचं, हे आपापसात आधीच बोलून ठेवा.

बोट सुटताना केबिनमध्ये बॅगा लावत बसू नका, वर जा. मुंबई बंदरातून बाहेर पडतानाचा तो तासभर मला अख्ख्या ट्रिपमध्ये सगळ्यात आवडला. उजव्या हाताला गेटवे, ताज, मग कुलाब्याचं टोक आणि प्रॉन्ग्स दीपगृह, अंधार पडला की डावीकडे लांब खांदेरीचा दिवा. तोच खांदेरी जो महाराजांनी १६७९ ला बांधायला घेतला आणि जो २०२५ ला युनेस्कोच्या यादीत इतर किल्ल्यांबरोबर गेला. बंदराबाहेर आलं की एक छोटी बोट बाजूला येते आणि आपल्या जहाजाला बंदरातून बाहेर काढणारा पायलट दोरीच्या शिडीने उतरून तिच्यात जातो, तो प्रकार नक्की बघा, नवरा तर शाळेतल्या पोरासारखा रेलिंगला चिकटला होता. माझ्या आजोळी रत्नागिरीच्या बाजूला जुनी माणसं भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी जायच्या गोष्टी सांगायची, डेकवर पथारी, शेजारी कोंबड्यांच्या टोपल्या, आणि निम्मे लोक ओकतायत. तोच किनारा, पण आता हातात मॉकटेल.

बोट लागण्याचं. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो हलतंय, या भांडणात पोट बिघडतं. म्हणून बोट लागायला लागली की केबिनमध्ये जाऊन डोळे मिटून पडायच्या ऐवजी मोकळ्या डेकवर या आणि लांब क्षितिजाकडे बघा, डोळ्यांना आणि कानांना एकच गोष्ट कळू दे. मोबाइलवर वाचत बसू नका. उपाशी राहू नका, रिकाम्या पोटी जास्त त्रास होतो, थोडं थोडं कोरडं खात राहा. आलेपाक घ्या बरोबर, मला त्याने बरं वाटलं. ॲव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून ठेवा, ती मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, आधी घ्यायची असते, आणि झोप येते तिने, त्यामुळे गोळी आणि दारू एकत्र अजिबात नको. हिवाळ्यात बहुतेकांना काहीच होत नाही, उलट घरी आल्यावर एक-दोन दिवस बाथरूममध्ये उभं राहिलं की जमीन हलल्यासारखी वाटते, घाबरू नका, जाते ती.

फोन. बोट लांब गेली की फोन आपोआप जहाजावरच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटू शकतो आणि त्याचं बिल डोळे पांढरे करणारं असतं. किनारा दिसतोय तोवर घरी फोन करून घ्या आणि मग फ्लाइट मोड. नक्की. वायफाय पॅकेज घ्यायचंच तर दोघांत एक घ्या, आळीपाळीने वापरा. आम्ही घेतलंच नाही, घरच्यांना सांगून ठेवलं होतं की आम्ही गायब आहोत.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही कारण ते सगळे लिहितात. शाकाहारी, जैन दोन्ही मिळतं, जैन असेल तर बुकिंगलाच कळवा. उपास असेल तर पहिल्याच दिवशी डायनिंगच्या मुख्य माणसाला गाठून बोला. बुफेपेक्षा बसून वाढतात तिथे जेवा, तेच पैसे, गर्दी कमी, आणि रोज तोच वाढणारा असला की दुसऱ्या दिवशी न सांगता ताक येतं. जेवायच्या आधी हात साबणानेच धुवा, सॅनिटायझरवर जाऊ नका, बोटींवर जो पोटाचा व्हायरस पसरतो त्याच्यावर सॅनिटायझर फारसं चालत नाही.

आता दोघांचं. बोटीवर सकाळी योगापासून रात्री डीजेपर्यंत काही ना काही चालूच असतं आणि आपला मध्यमवर्गीय मेंदू म्हणतो की पैसे भरलेत तर सगळं करायचं. मी तशीच आहे. नवरा म्हणजे पुस्तक, चहा, रेलिंग. पहिल्या संध्याकाळी यावरून आमची खडाजंगी झालीच. मग उपाय काढला तो सांगते: दिवसाचा कार्यक्रमाचा कागद आला की त्यावर दोघांनी वेगवेगळ्या खुणा करायच्या, जिथे दोन्ही खुणा पडतील तिथेच एकत्र जायचं, बाकी वेळ ज्याचा तो. सूर्यास्त आणि रात्रीचं जेवण मात्र सोबत. मी बॉलिवूड शो बघितला, तंबोला खेळले, अनोळखी बायकांशी गप्पा मारल्या, तो तेवढ्या वेळात डॉल्फिन बघून आला आणि अजून त्याची टिमकी वाजवतोय. फोन चालत नसल्याने भेटायची जागा आणि वेळ ठरवून निघायचं, आणि केबिनमध्ये एक वही ठेवून त्यात कुठे चाललोय ते लिहून जायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर चिठ्ठ्या लिहायला मजा येते, हे बोनस.

गोव्याला बोट मुरगावला लागते, म्हणजे वास्कोजवळ. तुमच्या हातात तास किती ते बघा आणि बागा-कळंगुटचा विचार सोडा, जाऊन येऊन गाडीतच वेळ जाईल आणि परत येताना घड्याळ बघून घाम फुटेल. बोगमाळो बीच जवळ आहे, तिथे पाय भिजवून माशाची थाळी खाऊन या. किंवा टॅक्सी ठरवून मंगेशी करा. क्रूझच्या टूरने गेलात आणि बसला उशीर झाला तर बोट सहसा थांबते, स्वतःच्या टॅक्सीने गेलात तर कुणी थांबत नाही, म्हणून परतायची वेळ दिलेली असेल त्याच्या तासभर आधीच गेटवर या. गोवा आधी बघितलेला असेल तर अजून एक आयडिया, उतरूच नका, बोट रिकामी असते, पूल तुमचाच.

लक्षद्वीपचं वेगळं आहे. तिथे एवढी मोठी बोट धक्क्याला लागत नाही, समुद्रातच उभी राहते आणि आपल्याला छोट्या बोटीत उतरवून बेटावर नेतात. ती छोटी बोट हलते, उतरताना खलाशी हात धरतात, गुडघेदुखी असलेल्यांनी आधी विचार करावा. वारा-लाटा जास्त असतील तर उतरणं रद्द होतं, कॅप्टनच्या हातात ते, भांडून उपयोग नसतो, तेवढं मनाशी धरूनच बुकिंग करा. पाणी मात्र असं निळं की फोटो खोटा वाटतो. परमिटचं काम बुकिंगबरोबर कंपनी बघते. बहुतेक बेटांवर दारूबंदी आहे, पिशवीत बाटली नको. प्रवाळ, शंख उचलून आणू नका, प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, पकडलं तर महागात पडतं. थोडी रोख, टोपी, सुके कपडे, रबरी चप्पल घ्या, आणि पोहता येत नसेल तरी लाइफ जॅकेट घालून स्नॉर्कलिंग करा, मी केलं, मला विहिरीतसुद्धा पोहता येत नाही.

औषधोपचाराचं थोडक्यात: बोटीवर डॉक्टर असतो पण फी वेगळी. रोजची औषधं दोन दिवसांची जास्तीची घ्या. गरोदर असाल तर चोवीस आठवड्यांपुढे बहुतेक क्रूझ घेत नाहीत, त्याच्या आत असलात तरी डॉक्टरचं पत्र मागतात.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्याआधी दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि आतले कपडे बाहेर काढून ठेवा, बॅगा एकदा गेल्या की खाली धक्क्यावरच भेटतात. बिल त्याच रात्री तपासा, न घेतलेलं काही लागलं असेल तर रिसेप्शनवर जाऊन तेव्हाच कमी करून घ्या, कारण सकाळी तिथे एवढी रांग असते की माणूस म्हणतो जाऊ दे चारशे रुपये. नाश्ता भरपेट करून शेवटच्या लॉटमध्ये उतरा, घाईने उतरणारे बाहेर टॅक्सीसाठी उन्हात उभेच दिसतात.